उजेडात धरलेली पावती

माझी आत्या काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. पट्ट्यावरून बाटल्या एकामागून एक सरकत यायच्या, मागे पांढऱ्या दिव्यांची भिंत असायची, आणि आत्याने एका नजरेत ठरवायचं, ठेवायची की फेकायची. केसाएवढी चीर, काचेत अडकलेला बुडबुडा, बुडाशी राहिलेला पातळपणा, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. कारखान्यात सगळे तिला 'दुर्बीण' म्हणायचे. समोर नाही, पण तिला माहीत होतं.

सव्वीस वर्षं हे काम केल्यावर घरी येऊन डोळे मिटायचे तरी कसे? मी शिकायला दोन वर्षं तिच्याकडे होते. दारात पाऊल टाकलं की ती आधी माझ्या चपला बघायची. "बसने आलीस म्हणतेस, मग हा चिखल कुठला?" दुकानदाराने स्वतःहून काही स्वस्त दिलं तर ती वस्तू दोनदा उलटीपालटी करायची. शेजारीण आपणहून काही आणून द्यायला लागली, की तिला वाटायचं, आता ही काहीतरी मागणार. आणि गंमत म्हणजे दहातल्या सात वेळा तिचं खरं निघायचं. म्हणून तिला कोणी काही बोलूही शकत नव्हतं.

आतोबा अगदी उलटे. ते एका कंपनीत लिफ्ट मेकॅनिक होते. त्यांच्या तोंडून शब्द काढायचा तर पान्याने पिळावा लागे. आत्या दिवसभराच्या शंका बोलून दाखवायची, ते "हं" म्हणायचे. तिसरा "हं" आला की आत्या म्हणायची, "ऐकता आहात ना?" आणि त्यावर चौथा.

जगात आत्याचा पूर्ण विश्वास असलेला माणूस एकच होता, आणि तो आतोबा नव्हते. तो होता घराच्या विम्याचा एजंट. अकरा वर्षांपूर्वी हा मनुष्य पहिल्यांदा घरी आला, तेव्हा जुनी पॉलिसी वाचून म्हणाला होता, "ताई, तुमच्याकडे नसलेल्या दागिन्यांचाही विमा तुम्ही भरताय. हे काढून टाकू." हप्ता कमी झाला, त्याचं कमिशनही कमी झालं. स्वतःच्या खिशाला स्वतःच कात्री लावणारा माणूस आत्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्या दिवसापासून त्याला चहाबरोबर दोन बिस्किटं मिळायची. आम्हाला एक.

मग मंदी आली. सुरुवातीला ती वर्तमानपत्रातच होती. मग कारखान्यातल्या दोन भट्ट्यांपैकी एक विझवली. काचेची भट्टी कोणी उगीच विझवत नाही, ती पुन्हा पेटवायला काही आठवडे जातात. त्यामुळे हे चार दिवसांचं दुखणं नाही हे सगळ्यांना न सांगता कळलं. आत्याचं काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं. आतोबांच्या कंपनीत माणसं कमी केली नाहीत, पण पगारवाढीचं नाव काढायचं नाही असं सांगून टाकलं.

त्यांच्या घरात दोन मोठे खर्च एकाच महिन्यात यायचे. विम्याचा वर्षाचा हप्ता आणि समुद्रावरची सहा दिवसांची सुट्टी. एका संध्याकाळी जेवताना आत्याने निकाल दिला.

"यंदा सुट्टी नाही. विमा मात्र चालू ठेवायचा. समुद्र नाही बघितला म्हणून कोणी मरत नाही. घराला आग लागली तर कुठे जायचं?"

आतोबा बराच वेळ घास चावत राहिले. मग म्हणाले, "दोन्ही होईल."

"कसं?"

"होईल."

"आणि हप्ता? पाकीट दिलं होतं मी."

"भरला. परवाच." त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेली पावती काढून ताटाशेजारी ठेवली. "सुट्टीचंही ठरलंय. सहा दिवस. तू बॅग भर फक्त."

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत आतोबांनी आपण होऊन सिनेमाचं तिकीटसुद्धा काढलं नव्हतं. आत्याने पावती उचलली, त्यांच्याकडे बघितलं, आणि ती पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. मी कॉलेजातून आले तर ती खिडकीशी उभी, हातात अकरा वर्षांच्या पावत्या, एकेक काचेसमोर धरून बघत होती.

"इकडे ये. हिच्यात तुला काय दिसतं?"

जुन्या पावतीच्या कागदात, उजेडात धरल्यावर, कंपनीचं फिकट चिन्ह दिसत होतं.

"आणि हिच्यात?"

यंदाच्या पावतीत काही नव्हतं. मागच्या वर्षीच्याही नाही. शिवाय यंदाच्या पावतीचा क्रमांक मागच्या वर्षीपेक्षा लहान होता.

"छापखाना बदलला असेल," मी म्हटलं.

"छापखाना बदलला म्हणून आकडे उलटे चालायला लागतात का?" ती म्हणाली. "ह्या दोन पावत्या घरात कोणी आणल्या?"

आतोबांनी. एजंटाचे गुडघे धरले होते, तिसरा मजला चढवत नाही म्हणून दोन वर्षं तो आतोबांना त्यांच्या वर्कशॉपच्या फाटकाशीच भेटत होता. आत्या रोख पैसे पाकिटात घालून द्यायची, आतोबा पावती आणायचे.

आम्ही दोघी विमा कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने पॉलिसीचा नंबर घातला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ही बंद पडलीय. दोन वर्षं हप्ता आलेला नाही."

"मग ही?"

त्याने पावती उलटसुलट केली. "ही आमची नाही, बाई. कुठून आणलीत?"

आत्याने पावती त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. जिन्यावर येऊन कठड्याला धरून ती म्हणाली, "दोन वर्षं. म्हणजे मागच्या सुट्टीलाही आपण ह्याच पैशांवर गेलो."

"आत्या, एकदा एजंटाला विचारू या ना."

"त्याला कशाला मध्ये ओढायचं? तो बिचारा आधीच गुडघ्यांनी बेजार."

पुढचे दिवस मला अजून आठवायला नको वाटतात. आत्या आतोबांशी नेहमीसारखी बोलत होती, पण तिच्या प्रत्येक वाक्याला मागून हूक लावलेला असायचा. "एजंट काय म्हणत होता हो?" "काही नाही." "गुडघे कसे आहेत?" "दुखतात." "पाकिटातच दिलेत की काढून मोजून?" "मोजून." ती मान हलवायची. ते बाहेर गेले की त्यांचे खिसे तपासायची. बसची तिकिटं सापडली, सगळी रविवारची. तीन रविवार ते "मित्राकडे जातो" म्हणून बाहेर पडत होते. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी परतले, तेव्हा आत्याने त्यांचा टॉवेल नाकाशी नेला आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"हा वास बघ. हा साबण आपल्या घरातला आहे?"

नव्हता. कसला तरी फुलांचा वास होता. आत्याने टॉवेल बादलीत टाकला.

चौथ्या रविवारी ते निघाल्यावर पाच मिनिटांनी आम्ही निघालो. पुढच्या दाराने ते बसमध्ये चढले, मागच्या दाराने आम्ही. आत्याने डोक्यावरून रुमाल बांधला होता, जणू त्यामुळे नवरा बायकोला ओळखणार नव्हता. ते स्टेशनजवळच्या एका जुन्या हॉटेलशी उतरले आणि मागच्या दाराने आत गेले.

"सुट्टीच्या आधीच सुट्टी," आत्या पुटपुटली.

आम्ही पुढच्या दाराने शिरलो. हॉटेलात शुकशुकाट होता. किल्ल्यांच्या फळीवर जवळजवळ सगळ्या किल्ल्या टांगलेल्या. काउंटरवरची बाई म्हणाली, "कोण हवंय?"

"आत्ता मागून आत गेले ते."

"लिफ्टवाले? तळघरात."

आतोबा लिफ्टच्या खड्ड्यात छातीपर्यंत उभे होते. कोपरापर्यंत ग्रीस. उजेडासाठी छोटी बॅटरी दातांत धरलेली, त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. आणि आत्याला थांबता येत नव्हतं.

"दोन वर्षं! घराला विमा नाही, आणि तुम्ही खोट्या पावत्या आणून माझ्या ताटाशेजारी ठेवता? पैसे कुठे घातलेत? इथे? ह्या हॉटेलात? मी तीन दिवसांच्या पगारात घर चालवतेय, आणि तुम्ही..."

आवाज ऐकून हॉटेलचा मालक जिना उतरून आला. आतोबांनी बॅटरी तोंडातून काढली.

"कसले पैसे?" ते म्हणाले.

"बाई," मालक म्हणाला, "ह्यांना द्यायला माझ्याकडे पैसे नाहीत, म्हणून तर हे सगळं. लिफ्ट बंद, कंपनीला बोलवायची माझी ऐपत नाही. समुद्रावर माझं दुसरं हॉटेल आहे, तेही रिकामंच. हे म्हणाले, चार रविवार काम करतो, सहा दिवस खोली द्या. जेवणासकट. मी लिहून दिलंय."

"मग सांगितलं का नाहीत?" आत्याने आतोबांना विचारलं.

"बाहेरचं काम केलं तर कंपनी काढून टाकते. तू काळजी करत बसली असतीस."

"आणि साबण?"

"ग्रीस जात नाही म्हणून इथलाच घेतो."

आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. मग आतोबांनी हळूच विचारलं, "पावती खोटी आहे?"

"कचेरीत जाऊन आले मी."

"त्याने फाटकाशी दिली ती. माझ्यासमोर सही केली." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तुला वाटलं, घराचा विमा मी खाल्ला?"

आत्याने डोक्यावरचा रुमाल सोडला. आतोबांनी बॅटरी पुन्हा दातांत धरली आणि कामाला लागले.

दुपारी हात धुऊन ते वर आले, आणि आम्ही तिघं तिथूनच एजंटाच्या घरी गेलो. तो चौथ्या मजल्यावर राहत होता. लिफ्ट नव्हती. दार त्यानेच उघडलं, आणि आत्या आधी बघत राहिली ती त्याच्या गुडघ्यांकडे.

त्याने फार ताणलं नाही. पावती बघितली आणि खुर्चीत बसला. आतल्या दारात त्याची बायको उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, तिलाही हे आत्ताच कळत होतं.

"लोकांनी विमा भरणं सोडलं, ताई," तो म्हणाला. "कमिशन निम्म्यावर आलं. भाडं थकलं. एकाच वर्षापुरतं घेतलं होतं, पुढच्या वर्षी भरून टाकणार होतो."

"आमचंच का?"

तो खाली बघत म्हणाला, "ज्यांच्याकडे कधी काही होत नाही अशी घरं निवडली. तुम्ही तर झोपायच्या आधी तीनदा गॅस बघता. तुमच्या घराला काय होणार होतं?"

आतोबांना मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "अशी किती घरं?"

आमचं धरून एकोणीस होती. यादी त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिली. आत्याने ती तिथेच उजेडात धरली, दोनदा वाचली आणि खाली त्याची सही घेतली. पुढच्या दोन आठवड्यांत ती बाकीच्या अठरा दारांवर गेली. काहींनी तिलाच विचारलं, "तुमचा ह्यात काय फायदा?" तिला त्याचा राग आला नाही. तिनेही हेच विचारलं असतं.

कंपनीने आधी हात वर केले, मग एकोणीस सह्यांचा अर्ज आणि ती यादी बघितल्यावर खाली घेतले. आठ महिन्यांनी सगळ्यांच्या पॉलिसी पुन्हा चालू झाल्या. एजंटाची एजन्सी गेली. पुढे तो गाव सोडून गेला असं कळलं. त्याच्या बायकोने एकदा आत्याला फोन केला होता, पण बोलणं काय झालं ते आत्याने कोणालाच सांगितलं नाही.

सुट्टीला मात्र ठरल्याप्रमाणे गेलो, मीसुद्धा. हॉटेलात आमच्याखेरीज एकच म्हातारं जोडपं होतं. पहिले दोन दिवस आत्या प्रत्येक जेवणानंतर वेटरला विचारायची, "हे धरलंय ना त्यात?" आतोबा तिच्याशी बोलत होते, पण मोजकंच. आणि त्यांनी एक नवीनच सुरू केलं होतं. बसचं तिकीट, चहाचं बिल, काही हातात आलं की न विचारता तिच्यासमोर ठेवायचे. तोंडाने काही नाही. नुसतं ठेवायचे. तीन दिवस तिने ते सोसलं.

चौथ्या दिवशी सकाळी समुद्रासमोरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. आतोबांनी चहाचं बिल काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

"पुरे करा हो," आत्या म्हणाली. "चुकले मी."

समुद्राकडे बघतच ते म्हणाले, "पुन्हा असं काही झालं, तर माझ्यावर संशय घेशील?"

मला वाटलं, ती नाही म्हणेल. कोणीही तेच म्हटलं असतं. आत्याने थोडा वेळ खरोखर विचार केला.

"घेईन," ती म्हणाली. "पण आधी तुम्हाला विचारेन."

आतोबा म्हणाले, "हं."

तिने त्यांच्याकडे वळून बघितलं. ते हसत होते. मग ते उठले, आणि आम्ही नाश्त्याला गेलो.