आधी मी, मग तू

१८ जानेवारी, रविवार. आज प्रभाकाकूंचं कपाट रिकामं केलं. त्यांच्या सुनेला, केतकीला, ते उघडवत नव्हतं. पुढच्या आठवड्यात ही मंडळी दुबईच्याच दुसऱ्या टोकाला, डिस्कव्हरी गार्डन्सला राहायला जाणार, म्हणून तिने मला बोलावलं. करामातल्या आमच्या जुन्या इमारतीत आमची दारं समोरासमोर आहेत. साड्या एका बॅगेत भरल्या, उरलेली औषधं टाकून दिली, चष्मे वेगळे ठेवले. मग खालचा खण उघडला. त्यात रेवाची जपानी कॉमिक्स होती.

नातीची पुस्तकं आजीच्या कपाटात का, हे सांगायचं तर काकूंची सवय सांगायला हवी. मिरजेच्या शाळेत त्या भूगोल शिकवत. यजमान गेल्यावर मुलाकडे दुबईला आल्या. रेवासाठी घरात येणारं प्रत्येक पुस्तक आधी त्यांच्या हातात जाई. पहिल्या पानावर कुंकवाचं बोट टेकवायचं, मग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं आणि मगच नातीला द्यायचं. "आधी मी, मग तू," एवढंच म्हणायच्या. इतका वेळ कशाला घालवता, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "आमटी वाढण्याआधी मीठ बघतेस ना? ते काय कुणावर संशय म्हणून?"

रेवा चौदा वर्षांची असताना या कॉमिक्सचं वेड घेऊन आली. टोकियोच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या शाळकरी मुलींची गोष्ट. केस नारिंगी, डोळ्यांभोवती पांढऱ्या रेघा, नखं लांब, मोजे घोट्यावर गोळा झालेले आणि बूट असे उंच की जिना उतरताना धडकी भरावी. मुखपृष्ठ बघूनच केतकी चिडली होती. काकूंनी मात्र नेहमीप्रमाणे बोट टेकवलं आणि वाचायला बसल्या. तिसऱ्या दिवशी निकाल लागला, की पुस्तक उत्तम आहे. बिघडलेली मुलगी हळूहळू रंग धुते, बूट सोडते आणि दप्तर घेऊन आईकडे परत येते. तक्रार एकच होती. "या जपानी मुली आधी उत्तर देतात आणि मग प्रश्न विचारतात. पण आमच्या नववीतही तसंच होतं."

काकू शनिवारी इमारतीतल्या मुलांना मराठी शिकवत. त्या वर्गाला येणाऱ्या सगळ्या आयांना त्यांनी ते पुस्तक सुचवलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही सुचवलं. दोघी-तिघींनी विकतही आणलं. चार भाग असेच पास झाले.

पाचव्या भागाच्या वेळी रेवा आजीशेजारी येऊन बसली. म्हणाली, "आजी, यू आर रीडिंग इट बॅकवर्ड्स." जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं. आपण जे पहिलं पान समजतो, ते शेवटचं. तिथे तशी सूचनाही छापलेली होती आणि काकूंचं कुंकू नेमकं तिच्यावरच लागलं होतं. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आधी वाचा, असं ज्यांनी आयुष्यभर पोरांना बजावलं, त्यांनी ती वाचली नव्हती. खरी गोष्ट उलटी होती. दप्तरवाली साधी मुलगी आईशी भांडते, एकेक रंग चढवत जाते आणि शेवटी ते बूट घालून भर रस्त्यात उभी राहते.

दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. काकूंनी पाचही भाग योग्य बाजूने पुन्हा वाचले आणि शनिवारी, मुलांना न्यायला आलेल्या आयांना थांबवून सांगितलं, की मी तुम्हाला उलटं सांगितलं होतं. एक जण हसून म्हणाली, म्हणजे काकू, तुम्हीच नापास. "हो," काकू म्हणाल्या, "पण फेरपरीक्षा दिली आहे. बरोबर बाजूने वाचल्यावर पोरगी वाईट निघाली नाही, मोठी निघाली. कशीही वाचा, ती मैत्रिणीला रस्त्यात एकटी सोडत नाही. माझ्याकडून पास." बहुतेकींना ते पटलं नाही. दोन मुलं वर्गातून कमी झाली. काकूंनी वर्ग चालू ठेवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

गेल्या वर्षी इथे कॉमिक्सचं मोठं प्रदर्शन भरलं. रेवाला त्या वेषात जायचं होतं. आपल्या मुली असल्या दिसत नाहीत, असं केतकीने ठणकावलं. काकूंनी वाद घातला नाही. मी बरोबर जाते, म्हणाल्या, आणि गाडी चालवायला मला धरलं. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, पर्समध्ये सेफ्टी पिनांचं पाकीट. रेवाचं ढळलेलं काहीबाही त्या दिवसभर टाचत होत्या. तिथे अबाया घातलेली एक अरब मुलगी भेटली. अबायाखाली तसेच उंच बूट. तिच्या हातात तेच पुस्तक होतं. काकूंनी आपल्या इंग्रजीत तिला स्वतःची फजिती सांगितली. ती खूप हसली आणि म्हणाली की आमची अरबी उजवीकडूनच असते, मला काही वेगळं वाटलंच नाही. परत येताना काकू गाडीत म्हणाल्या, "मेधा, उलटं-सुलटं म्हणजे आपण कुठे शिकलो, एवढंच."

नोव्हेंबरमध्ये त्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला. त्या हॉस्पिटलमध्ये असताना मालिकेचा शेवटचा भाग कुरियरने आला. घेऊन ये, असं त्यांनी रेवाला फोनवर सांगितलं. शाळा सुटल्यावर ती नेणार होती. दुपारी काकू गेल्या. जबेल अलीच्या स्मशानात सगळं उरकून आम्ही परत आलो, तेव्हा पुस्तक प्लास्टिकच्या वेष्टनात तसंच टेबलावर होतं.

तेव्हापासून रेवाने त्याला हात लावलेला नाही. केसांची नारिंगी बट कापून टाकली. शाळेतून येते, खोलीत बसते, मैत्रिणींचे फोन घेत नाही. ही अशी शहाणी झालेली नको आहे मला, असं केतकी आज मला म्हणाली. ती आणि हे बोलतेय.

खण उघडला तेव्हा रेवा दारात उभी होती. सगळी वाटून टाका, म्हणाली. टेबलावरचा शेवटचा भाग तिच्यासमोर धरला आणि हा तरी ठेव म्हटलं.

"आजीने वाचलेला नाही," ती मराठीत म्हणाली. एरवी ही पोर माझ्याशी इंग्रजीतच बोलते. मग दार लावून घेतलं.

तिला समजावण्याच्या भानगडीत मी पडले नाही. असल्या वेळी समजावणारी माणसं मला स्वतःलाही आवडत नाहीत. बाकीची पुस्तकं खोक्यात भरली, वर रेवाचं नाव घातलं आणि शेवटचा भाग पर्समध्ये टाकून घरी आले.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी लवकर उठले. चहा ठेवला, वेष्टन फाडलं आणि पुस्तक उजवीकडून उघडलं. मागचं काही वाचलेलं नसल्यामुळे कोण कुणाची मैत्रीण, हे कळायलाच वेळ गेला. एक पान न गाळता वाचलं. शेवटी देवापुढच्या करंड्यातून कुंकू घेतलं आणि बोट टेकवलं. सूचनेवर नाही, खऱ्या पहिल्या पानावर.

रेवा खाली शाळेच्या बसची वाट पाहत होती. मी पुस्तक पुढे केलं.

"मी वाचलंय. आता तू."

तिने पान उघडून कुंकू पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "इज द एंडिंग सॅड?"

"आजी सांगायची का?"

"नो."

"मग मीही नाही सांगणार."

बस आली. तिने पुस्तक दप्तरात न ठेवता हातातच धरलं आणि चढली. मला उशीर झाला होता. मी मेट्रोकडे निघाले.