चौथं कडवं

आमच्या लॉरेल फोर्क गावच्या चर्चमधला पियानो तिरका ठेवलेला आहे. त्यामुळे वाजवणाऱ्या बाईला, म्हणजे मला, सगळ्यांची तोंडं दिसतात. बाकीच्यांना पुढच्याची मान तेवढी दिसते. अठ्ठेचाळीस वर्षं मी तिथं बसून बघते आहे, प्रवचनात कोण पेंगतं, कोण घड्याळ बघतं, कोणाच्या डोळ्यांत खरंच पाणी येतं आणि कोण शेजारणीला दाखवायला रुमाल काढतं. व्हर्लीन स्टिडम यातलं काहीच करत नसे. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर ती ताठ बसायची, मांडीवर बायबल उघडं. पाळकाने एखादं वचन भलत्याच अध्यायातलं म्हणून सांगितलं की तिची उजवी भुवई वर जायची. एकामागून एक तीन पाळक त्या भुवईला वचकून होते.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं मुलांना जेवू घातलं आणि त्यातल्याच पाच-सहा वर्षांच्या पोरांना दर रविवारी चर्चच्या तळघरात शिकवलं. नवरा होबर्ट खाणीत होता. कोळशाच्या धुळीने त्याची छाती पोखरली आणि तो गेला. तेव्हा ती रडली, पण मोडली नाही, कारण होबर्टची तारीख होती. आमच्यात ज्याची त्याची तारीख असते. ज्या दिवशी माणूस आपण होऊन येशूच्या हवाली होतो तो त्याचा नवा जन्म, आणि ती तारीख तो आपल्या बायबलच्या पहिल्या पानावर शाईने लिहितो. आईबापाच्या पुण्याईवर इथं कोणाचं भागत नाही. तान्ह्या बाळावर पाणी शिंपडून आम्ही त्याला ख्रिस्ती म्हणत नाही. ज्याला कळतं त्यालाच ओढ्यात नेऊन अख्खं बुडवून काढतात.

म्हणून प्रत्येक उपासनेच्या शेवटी बोलावणं होतं. पाळक हात पसरून पुढे उभे राहतात, मी गीत वाजवते, मंडळी हळू आवाजात गाते, आणि ज्याच्या मनात आलं तो बाकावरून उठून पुढे जातो. किती कडवी वाजवायची ते पाळक मानेने सांगतात. ते डोळे मिटून प्रार्थनेत असले तर मात्र ते माझ्यावर असतं.

व्हर्लीनला एकच मुलगा, वेन्डल. तो सात वर्षांचा होता त्या उन्हाळ्यात, अठ्ठ्याहत्तर साली, बाहेरगावच्या एका उपदेशकाने आठवडाभर सभा घेतल्या. उकाडा मरणाचा. पोरं एकाच्या मागे दुसरं अशी पुढे जात होती. कॉम्ब्सांचा कार्टा तर दोनदा गेला, कारण पहिल्यांदा त्याला ओढ्यात डुंबायला मिळालं होतं. व्हर्लीनला असल्या गोष्टींचा तिटकारा. मला म्हणाली होती, "न कळता पुढे गेलेलं पोर जन्मभर समजतं की आपण वाचलो. मग ते पुन्हा कशाला जाईल? त्यापेक्षा थांबलेलं बरं." चुकीचं काही बोलली नव्हती. आम्ही सगळे तेच मानतो.

शेवटच्या रविवारी दुपारी वेन्डल बाकावरून उठला. मी पाहिलं. त्याच्या पँटचे पाठीवरचे पट्टे व्हर्लीनने मागून मुठीत धरले. त्याने एक पाऊल टाकलं, पट्टे ताणले गेले, आणि तो तसाच उभा राहिला. मग त्याने वळून आईकडे बघितलं आणि खाली बसला. त्यानंतर तो कधीही उठला नाही.

पंधराव्या वर्षी तिने स्वतःच विचारलं. भांडी घासताना मला तिने ते सांगितलं होतं, मान वर न करता.

"वेन्डल, आता तरी पुढे जावंसं वाटतं का रे?"

"तेव्हा वाटत होतं, तर तू म्हणालीस कळत नाही. आता कळतंय, तर वाटत नाही, आई."

पोरगा मात्र सोन्यासारखा निघाला. बायको सोडून गेली तरी तिच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. दर रविवारी आईला ट्रकमधून चर्चच्या दारात आणून सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत बाहेर ट्रकमध्ये बसून राहायचा. गावातल्या निम्म्या विधवांची सरपणं त्याने फोडली. माझं गळकं छप्पर त्याने दोन दिवस खपून नीट केलं आणि बदल्यात मक्याची भाकरी आणि ताक तेवढं घेतलं. चांगल्या कामांनी कोणी स्वर्गात जात नाही, विश्वासानेच जातो, असं आम्ही शिकवतो. तो छपरावर होता तेव्हा हे त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये ओंडके भरलेला त्याचा ट्रक वळणावर उलटला. शेरीफच्या कचेरीतला माणूस सांगायला आला तेव्हा मी व्हर्लीनच्याच घरी सफरचंदं सोलत बसले होते. टोपी हातात घेऊन तो बिचारा दारातच उभा राहिला.

"बाई, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. क्षणात आटपलं सगळं."

"क्षणभरसुद्धा वेळ मिळाला नसेल?" व्हर्लीनने विचारलं.

"छे हो, अजिबात नाही. जरासुद्धा त्रास झाला नाही, खरंच सांगतो."

त्याला वाटलं, आपण धीर देतोय. दुसऱ्या कुठल्या घरात तो धीरच ठरला असता. पण आमच्यात माणूस शेवटच्या श्वासाला जरी 'प्रभू, मला घे' म्हणाला तरी वाचतो. एक श्वास पुरतो. तो माणूस तेवढाही काढून घेऊन गेला. व्हर्लीन हातातलं सफरचंद सोलत राहिली, साल संपली तरी सुरी चालूच होती, शेवटी मीच तिच्या हातातून सुरी घेतली.

अंत्यविधीच्या आधी ती आमचे तरुण पाळक ब्रदर कॉय यांच्याकडे गेली, मला बरोबर घेऊन. आमच्या इथं तारण पावलेला, म्हणजे तारीख असलेला माणूस वारला की पाळक म्हणतात, 'आमचा भाऊ घरी गेला.' ज्याची खात्री नसते त्याला म्हणतात, 'आम्ही त्याला देवाच्या हाती सोपवतो.' अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

"ब्रदर, 'घरी गेला' म्हणाल ना?"

"सिस्टर व्हर्लीन, त्याची काही तारीख आहे का तुमच्याकडे? कधी तो काही बोलला असेल, एकटं असताना..."

"नाही."

कॉय काही दगड नव्हे. "मला म्हणावंसं वाटतंय हो. पण आज मी खोटं बोललो, तर उद्या मी खरं बोलेन तेव्हा कोण विश्वास ठेवेल?"

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याने वेन्डलला देवाच्या हाती सोपवलं. तळघरात जेवणं झाली, कोणी हॅम आणलं होतं, कोणी बटाटे, आणि व्हर्लीनशी बोलताना प्रत्येक जण हवापाण्याबद्दल बोलला.

तीन आठवड्यांनी ती माझ्या घरी आली. काखेत वेन्डलचं बायबल, चर्चने तो आठ वर्षांचा असताना दिलेलं. हातात पेन.

"अर्डिथ, गीतांच्या वह्या आहेत ना तुझ्या अजून? अठ्ठ्याहत्तरची काढ."

"कशाला गं?"

"काढ तर."

कोणत्या रविवारी काय वाजवलं ते मी पहिल्यापासून लिहून ठेवते. वही सापडली. "तेरा ऑगस्ट," मी म्हणाले.

तिने बायबलचं पहिलं पान उघडलं. 'माझ्या नव्या जन्माची तारीख' असं छापलेलं, आणि पुढे कोरी ओळ. तिने पेनाचं टोपण काढलं.

"तो उठला होता. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"पावलं टाकल्याने थोडंच तारण होतं? मनाने होतं. मीच शिकवते पोरांना. मग पट्टे धरले म्हणून काय झालं, मन तर गेलं असेल पुढे."

"लिही तू," मी म्हणाले. "लिहून टाक, व्हर्लीन." तिने लिहावं असं मला मनापासून वाटत होतं. खरं की खोटं, याच्याशी मला त्या घडीला काही देणंघेणं नव्हतं.

पेन ओळीवर टेकलं आणि थांबलं. "मी त्याला विचारलंच नाही, 'बाळा, कशाला उठलास?' म्हणून. नुसता धरला. विचारलं असतं तर आज मला माहीत असतं." मग म्हणाली, "कडवी किती वाजवलीस ते लिहिलंयस का?"

मी वहीत बघितलं. "तीन."

"गीत चार कडव्यांचं होतं."

"हो."

"मी मनात ठरवलं होतं अर्डिथ. देवाला म्हटलं, याला यायला सांगत असशील तर चौथं वाजू दे, मी सोडते. मुठीत पट्टे धरून मी वाट बघत होते. तू पियानोचं झाकण लावलंस."

उपदेशकाने मान हलवली होती असं मी सांगू शकले असते. तो उपदेशक मरून वीस वर्षं झाली आहेत, विचारायला कोण जाणार? पण त्याचे डोळे मिटलेले होते, आणि माझ्या तोंडून खरं तेच निघालं.

"माहेरची माणसं यायची होती जेवायला. घेवडा चुलीवर ठेवून आले होते मी. करपेल म्हणून..."

व्हर्लीनने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"करपला?"

"नाही."

तिने मान डोलावली, शाळेच्या स्वयंपाकघरात पोरींकडून भाजी लागली का ते ऐकून घेताना डोलवायची तशी. पेनाला टोपण लावलं, बायबल मिटलं आणि ती घरी गेली. ती ओळ कोरीच राहिली.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी उपासनेआधी शिकवणाऱ्यांच्या सह्या होतात. आमच्या मंडळीच्या विश्वासाची नऊ कलमं एका कागदावर आहेत. शास्त्रात चूक नाही, तारण फक्त विश्वासाने, प्रभू परत येणार, आणि असंच पुढे. आठवं कलम असं की जे ख्रिस्ताशिवाय मरतात ते सर्वकाळच्या अग्नीत जातात. ज्याची सही नाही त्याला मुलांना शिकवता येत नाही. कॉयने तो कागद व्हर्लीनपुढे ठेवलाच नाही.

"या वर्षी राहू दे, सिस्टर. कोणी काही म्हणणार नाही."

"का? माझं पोर गेलं म्हणून शास्त्र बदललं का?"

तिने कागद ओढून घेतला, नऊच्या नऊ कलमं वाचली, आठव्यापाशी बोट बराच वेळ थांबलं, आणि सही केली. अक्षर नेहमीसारखंच सरळ. मला तो कागद फाडावासा वाटला. देवावर माझा विश्वास आहे, आणि त्या सकाळी मला त्याचा संताप आला होता. दोन्ही खरं आहे.

शेवटी बोलावणं झालं. मी चारही कडवी वाजवली. कोणी उठलं नाही. कॉयने मान हलवली, मी न बघितल्यासारखं केलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. मी बाकाबाकावरून आयांचे हात बघत होते, कोणी कोणाला धरलंय का. दुसऱ्यांदा चारही झाली. कॉय खाकरला. मी तिसऱ्यांदा सुरू केलं तशी मंडळी गायची थांबली, नुसता पियानो उरला. लोक एकमेकांकडे बघू लागले. म्हातारीला काहीतरी झालं असं त्यांना वाटलं असणार. माझी बोटं दुखत होती, पण झाकणाला हात लावायचं धाडस मला होत नव्हतं.

तेव्हा तिसऱ्या बाकावरून व्हर्लीन उठली. कॉयला वाटलं, ती प्रार्थनेसाठी पुढे येतेय. तो हात पसरून दोन पावलं पुढे झाला. ती त्याच्या बाजूने निघून थेट माझ्याकडे आली आणि तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"पुरे आता, अर्डिथ," ती हळूच म्हणाली. "लोकांची जेवणं करपतील."

आणि झाकण तिनेच लावलं.