तात्यांच्या उशाला तीन तक्के

वैद्यकीत औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधं निदान संपतात तरी! माझ्याकडचे निम्मे किस्से तर एकट्या तात्यांचे. हे नारायण पेठेतले आमचे शेजारी, सरकारी पागेवरचे जुने कारकून. जीभ अशी, की पाहुणे पायरीवरूनच परत फिरत. त्यांना घोड्याने डोक्यात लाथ मारली, तेव्हा पेठेत पहिला प्रश्न निघाला, "घोड्याला काय बोलले होते?"

*

टाळूजवळचं हाड आत दबलं होतं. जराह, म्हणजे चिरफाड करणारे शस्त्रवैद्य, हुसेनमियाँनी जखम बांधली आणि म्हणाले, "शुद्ध आहे तोवर हत्यार लावणार नाही. तुम्ही नजर ठेवा."

कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. आत रक्त साठलं तर जाणार कुठे? मेंदूलाच दाबणार. म्हणून मी उशाला तीन तक्के लावून डोकं उंच, मान सरळ ठेवायला सांगितलं. वहिनी, म्हणजे तात्यांची बायको, माझ्याकडे रोखून बघू लागल्या.

"बसवून तर संन्याशाला समाधी देतात! नक्की काय चाललंय तुमचं?"

*

कुंथलं की डोक्यातला दाब वाढतो, म्हणून एरंडेल दिलं. तात्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो वैद्यबुवा, लाथ कुठे बसली ते तरी ठाऊक आहे का आपल्याला?"

*

शुद्ध शाबूत आहे ना, हे बघायला मी दर प्रहरी तेच दोन प्रश्न विचारी. नाव काय? पेठ कोणती?

"नारायण पेठ. घर सापडत नसेल तर येऊ नका!"

तात्यांच्या मेहुण्याला मात्र यात काळंबेरं दिसलं. त्याने मला दारात गाठलं. "माणसाचं नाव-गाव रोज पुन्हा पुन्हा विचारता. खरं सांगा, कुणाचे हेर तुम्ही?"

*

गलबला नको म्हणून मी भेटायला येणाऱ्यांना बंदी केली. दोन दिवसांत पेठभर झालं, तात्या गेले आणि घरचे लपवताहेत! खिडकीखाली चार जण कुजबुजत होते. तात्यांनी ते ऐकलं आणि आतून गरजले, "अजून आहे! तुमच्या तेराव्याला जेवूनच जाईन!"

"ओरडू नका, दाब वाढतो!" हे मीही ओरडूनच सांगितलं.

*

चौथ्या दिवशी दुपारी गेलो, तर तात्या मंद हसले. "या वैद्यबुवा, बसा. आमच्यापायी किती त्रास घेता आपण."

वहिनींचा चेहरा उजळला. "बघा, किती गोड बोलले! उतार पडला हो!"

मी मात्र बसलो नाही. वीस वर्षांच्या शेजारात या माणसाने मला कधी बसा म्हटलं नव्हतं. मी मेहुण्याला पळवलं, जराहाला आणायला.

हुसेनमियाँ धापा टाकत आले. "गोड बोलला म्हणून डोकं उघडू?"

मी दिवा तात्यांच्या डोळ्यांजवळ धरला. एक बाहुली बारीक झाली, दुसरी मोठीच राहिली; म्हणजे आत मेंदू दबत होता. आता तात्या हाकेलाही ओ देईनात. हुसेनमियाँनी हत्यारं काढली, दबलेलं हाड उचललं. खालून काळं, गोठलेलं रक्त आलं. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वहिनी, हुसेनमियाँ आणि मी उशाशी बसून होतो. उन्हं खिडकीत आली तेव्हा तात्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"अजून इथेच? घरी कुणी जेवायला घालत नाही वाटतं?"

वहिनी रडत रडत देवापुढे साखर ठेवायला धावल्या.