टेकाडावरचा फोन

दादा गेल्याचा फोन आमच्या स्वयंपाकघरात वाजला. मेलं, त्याच खोलीत! तिथं पूर्वी रेंजची एक काडीही येत नव्हती... ती आणली दादानंच.

माझा थोरला भाऊ दिनकर दूरसंचार नियामक कार्यालयात अधिकारी होता. घाटनांदूरजवळच्या आमच्या वस्तीत सुट्टीला आला, की फोन लावायला सगळ्यांसारखा टेकाडावर जायचा. अर्धी वस्ती ऊसतोडीला गेलेली. मागं राहिलेली म्हातारी माणसं पोरांचा आवाज ऐकायला तिथं उन्हात बसायची. एकदा शेजारच्या काकू अंगणात कोसळल्या आणि गाडी बोलवायला फोनच लागेना. काकू वाचल्या, पण दादा पेटला.

"तक्रार काहून न्हाई केली रे?"

टॉवर गावातल्या बड्या माणसाच्या रानात; त्याच्या वाटेला कोण जाणार?

"नका करू," दादा म्हणाला. "कुणाची तक्रार नसली तरी आमचं ऑफिस आपणहून चौकशी लावू शकतं."

वरिष्ठांना त्यानं आधीच सांगितलं, हे माझं गाव आहे, तपासणीला मी जाणार नाही. चौकशी लागली. तरी टॉवरच्या कंपनीनं बोंब मारलीच, की घरच्यांसाठी अधिकार वापरला. तपासणीत काही निघालं नसतं, तर दादाची नोकरी गोत्यात होती. त्यानं पढवलं असं कुणी म्हणू नये म्हणून त्या दिवसांत तो आम्हाला फोनही करेना. "सायेब झाला, आईला इसरला," आई धुसफुसायची.

तपासणीवाले आले. सोबत कंपनीचा माणूस आणि तो बडा माणूसही. टॉवरजवळ मशीन लावलं, तिथं रेंज भरपूर! मग घरोघरी विचारलं. जो तो म्हणे, "बेस हाय." पाहुण्यांपुढं गाऱ्हाणं कशाला म्हणून आमच्या आईनंही चहा देता देता सांगितलं, "रेंज लई चांगली हाय, सायेब." साहेब उठायला लागले... मी ओरडलेच, "आये, दादाला फोन लाव बरं!"

आईनं फोन घेतला, चपला सरकवल्या आणि दाराबाहेर पडली.

"आजी, कुठं निघालात?"

"फोन लावायला. टेकाडावर."

कंपनीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. साहेब मुकाट्यानं तिच्यामागं निघाले, पार टेकाडापर्यंत. पुढं वस्तीजवळ दुसरा टॉवर उभा राहिला.

आता दादाला जाऊन महिना होत आला. त्याचा मला राग येतो. घरात रेंज आणलीस, आणि बोलायला तूच नाहीस! परवा रविवारी, दादा दर आठवड्याला फोन करायचा त्या वेळेला, आई चपला घालायला लागली.

"आये, फोन घरात येतो की आता."

"घरातल्या फोननं तर तो गेला म्हून सांगितलं," आई म्हणाली. "मी टेकाडावर जाते."