जनाबाईची जागा

तिचं खरं नाव कलावती. हे मला फार उशिरा कळलं. डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जो जुना मासळीबाजार होता, त्याच्या डावीकडच्या कोपऱ्यात एक दगडी ओटा होता. त्याला सगळे जनाबाईची जागा म्हणायचे, आणि त्यावर बसणाऱ्या बाईला जनाबाई. मीही म्हणायची. ती लगेच ओ द्यायची, मग दुसरं काही नाव असेल असं वाटायचं कारणच नव्हतं.

खरी जनाबाई म्हणजे तिची सासू. मोठा आवाज, मोठं कुंकू, आणि गिऱ्हाइकाला तोंडावर कंजूष म्हणायची हिंमत असलेली बाई. कोळ्यांमध्ये बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे येते, मुलाकडे नाही. होडी बापाकडून मुलाला, जागा सासूकडून सुनेला, अशी ती वाटणी. सासू गेली तेव्हा सून ओट्यावर बसली. गिऱ्हाइकं मात्र सवयीने "जनाबाई, बोंबील कसे?" असंच विचारत राहिली. सुरुवातीला म्हणे ती दर वेळी मागे वळून बघायची, सासू आली की काय म्हणून. मग वळायची बंद झाली.

मी ठाण्याला एका विमा कंपनीच्या कचेरीत होते. दिवसभर इतरांच्या मरणाची आणि अपघाताची कागदपत्रं हाताळून संध्याकाळी या बाजारात शिरलं की मला स्वप्नात शिरल्यासारखं वाटायचं. पिवळे दिवे, खाली ओली फरशी, फरशीत तेच दिवे उलटे. बर्फातून वाफेसारखा गारवा वर यायचा आणि त्या गारव्यामागे ती बसलेली असायची, हिरवं लुगडं, कानावर अबोलीचा गजरा. माझी वाट बघत असल्यासारखी म्हणायची, "आलीस बाय? दमलीस. बस." बसायला काहीच नसायचं. तरी बसल्यासारखं वाटायचं.

ती मासे वाट्याने विकायची. मांदेली, करंदी, बोंबील यांचे छोटे छोटे ढीग केळीच्या पानावर मांडलेले, प्रत्येक ढीग म्हणजे एक वाटा, आणि गिऱ्हाइकाने उचलला की वर एक मासा जास्तीचा. मांडताना तिचे हात इतके सावकाश चालायचे की बघता बघता डोळे जड व्हायचे. आमच्या कचेरीत महिला दिनाला एक मोठा फलक लावायचे, "देशाच्या विकासात महिलांचा वाटा." दर वर्षी तो वाचला की माझ्या डोळ्यांसमोर केळीचं पान, पाच बोंबील आणि वर एक जास्तीचा, असंच यायचं. साहेब भाषण करायचे आणि मला घरच्या तव्याचा वास यायचा.

ती असल्या गोष्टी सांगायची की खऱ्या मानाव्यात की नाही कळायचं नाही. हा बाजार पूर्वी खाडीचं पात्र होता, नंतर भराव टाकला, असं तिचं म्हणणं. "उधानाच्या दिवशी माज्या खाली पानी हालतंय," ती म्हणायची. "तुना नाय कलनार. तू उभी असतेस." एकदा मी चपला काढून ओट्याला पाय लावून बघितला. खरं सांगते, काहीतरी हललं. माझंच डोकं हललं असेल, दिवसभर उपाशी होते.

माहेर तिचं ठाण्याच्या चेंदणीचं. नवरा गुणाजी पूर्वी खाडीत जाळं टाकायचा. मग खाडीचं पाणी काळं झालं, जाळ्यात माशांपेक्षा पिशव्या जास्त यायला लागल्या. गुणाजीने होडी उलटी करून ठेवली आणि एका सोसायटीच्या दारावर वॉचमन म्हणून उभा राहिला. खाडीने हात आखडता घेतल्यावर घर या ओट्याने ओढलं. ती पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणायची. मुलाचं शिक्षण, घरावरचा स्लॅब, नणंदेचं लग्न, सगळं त्या कोपऱ्यातून झालं. तरी कोणी गुणाजीला विचारलं की घरी कोण कमावतं, तर तो छाती काढून म्हणायचा, "मीच की. ही बाजारात बसते." बसते! जसं काही वारा खायला बसते. मला त्या शब्दाचा भयंकर राग यायचा. तिला यायचा नाही. ती हसायची.

मग बाजाराच्या तोंडाशी निळा पत्रा लागला आणि त्यावर नव्या इमारतीचं रंगीत चित्र. चित्रातल्या बाजारात एकही मासा नव्हता, फक्त झाडं आणि गोरीगोरी माणसं. जुना बाजार पाडून तिथे गाळे होणार, जो बसतो त्याला गाळा मिळणार, असं ठरलं. चौकशीला पालिकेचा एक तरुण मुलगा आला. प्रत्येकीसमोर थांबून विचारत गेला, "ही जागा कोणाची?"

तिच्यासमोर आला तेव्हा ती मांदेलीचा वाटा लावत होती. वर न बघताच म्हणाली, "सासूची."

कुठल्याही कोळणीने हेच सांगितलं असतं. तिच्या तोंडी सासूची म्हणजे माझी. सासूकडून आली, म्हणून हक्काची. स्वतःची म्हणणं म्हणजे कुठून तरी बळकावून बसल्यासारखं. पण त्या मुलाला हे कोण सांगणार? त्याने विचारलं, नाव काय? आजूबाजूच्या सगळ्या जणी एका सुरात ओरडल्या, "जनाबाई!" मुलगा खूश झाला. तेच नाव लिहून पुढे गेला.

बाजार पाडायला घेतला तेव्हा घोटाळा बाहेर आला. जनाबाई तर केव्हाच वारलेली. मेलेल्या माणसाची जागा वारसाकडे जाते, वारस म्हणजे थोरला मुलगा, म्हणजे गुणाजी. ज्याने जन्मात एक बोंबील विकला नाही, तो एका दुपारी मासळीवाला झाला. गंमत वाटली असती, पण गुणाजीचा धाकटा भाऊ दामाजी त्याच संध्याकाळी घरी आला. थंडगार काचेच्या पेटीतलं मटण विकणाऱ्या कोणा दुकानदाराला कोपऱ्याचा गाळा भाड्याने हवा होता. दामाजी भावाला म्हणाला, "वहिनीनं किती दिवस चिखलात बसायचं? तू फक्त साहेबाला बोल, की धंदा मीच करतो. गाळा भाड्याने देऊ, मग दोघं घरी बसून खा."

गुणाजीला ते पटत चाललं होतं. वाईट माणूस नव्हता तो. उभं राहून राहून पाय सुजायचे त्याचे. आणि बायकोला आराम मिळेल असं त्याला मनापासून वाटत होतं, हेच तर अवघड होतं. तिने एकदाच सांगितलं, "मना आराम नको." त्याने ऐकलं की नाही, तिला कळलं नाही.

त्या दिवसांत नव्या इमारतीचं काम चालू होतं, आणि तात्पुरतं बसायला मैदानात पत्र्याची शेड दिली होती. बाकीच्या जणी बसल्या. तिची जागा वादात, म्हणून तिला बसू दिलं नाही. ओट्याएवढी एक चौकोनी जागा रिकामी राहिली, आणि तिच्याभोवतीचं सगळं हळूहळू विझत गेलं. तिच्या शेजारी बसून मासे कापून देणारी मधु हातात कोयता घेऊन नुसती बसायची, कारण तिची निम्मी गिऱ्हाइकं या वाट्यांचीच. बर्फवाला महेंद्र एक लादी कमी आणायला लागला. पहाटे धक्क्यावर जाणाऱ्या टेम्पोत एक पाटी कमी, म्हणून टेम्पोवाला कुरकुरायला लागला. समोरचा चहा, गजरेवाली, केळीची पानं आणणारी म्हातारी, सगळे जरा जरा आखडले. आणि मी. कापून धुऊन मिळणाऱ्या त्या वाट्याच्या भरवशावर मी इतकी वर्षं नोकरी करत होते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. एका बाईच्या बसण्यावर इतकी माणसं उभी होती.

मी तिच्या घरी गेले. ती उलट्या होडीला टेकून बसली होती. दुपारचं ऊन खाडीवर पांढरं पसरलेलं, तिवरांपलीकडचा पूल धुक्यात असल्यासारखा पुसट. ती म्हणाली, "रोज सपान दिसतं. ओटा सुटतो नि पान्यावर जातो. मी त्यावरच. तुमी सगल्या पिशव्या घेऊन पान्यातून चालत येता, गुडघ्यापरत. मी पान्यावरच वाटे लावते. एकबी मोडत नाय."

"आणि मग?"

"मंग काय, इकते." तिला हसू आलं, आणि लगेच रडू आलं. मलाही आलं. मी तिचा हात धरला, त्याला माशाचा वास नव्हता. इतका परका हात मी कधी धरला नव्हता.

तेव्हाच तिने मला स्वतःचं नाव सांगितलं, सहज, दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं. मी एकदा म्हणून बघितलं. तिने ओ दिली नाही.

ज्या दिवशी वाद असलेल्या जागांचा निकाल होता, त्या सकाळी मी कचेरीला दांडी मारली. शेडसमोर टेबल, टेबलामागे पालिकेचे साहेब, भोवती सगळ्या कोळणी. खाडीवरून दमट वारा येत होता आणि नव्या पत्र्यावरून उजेड इतका परतत होता की माणसांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या. मला क्षणभर वाटलं, त्या रिकाम्या चौकोनात सासू येऊन बसली आहे, मोठं कुंकू लावून, आणि हे सगळं बघून चिडली आहे.

गुणाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. दामाजी त्याच्या मागे, जवळजवळ त्याच्या खांद्यावरच. ती लांब उभी होती, मधुजवळ, पदर दोन्ही हातांनी धरून.

साहेब म्हणाले, "गुणाजी, वारस तुम्ही. नियम इतकाच आहे की जागा धंदा करणाऱ्यालाच. धंदा तुम्ही करता ना?"

दामाजीने कोपराने ढोसलं. नुसतं हो म्हणायचं होतं. गुणाजी साहेबांकडे बघत राहिला, मग शेडमधल्या त्या चौकोनाकडे, मग बायकोकडे. तिने मान खाली घातली नाही. मला वाटलं आता हा हो म्हणणार, संपलं.

"साहेब," तो म्हणाला, "त्या जागंवर बसंल त्याला जनाबाई बोलतात. मी बसलो तर मना कोन जनाबाई बोलंल?"

सगळा बाजार हसला. साहेबही हसले. दामाजी पुढे होऊन काही बोलायला लागला, तर गुणाजीने हात मागे करून त्याला थांबवलं. आता तो हसत नव्हता. "हिला बोलतात. धंदा ही करते. आमचं घर हिनं चालवलंय. मी सगल्यांना मीच कमावतो बोलत आलो, पन ते खरं नाय."

इतकी वर्षं ज्या माणसावर मी मनातल्या मनात चिडत आले, त्याला त्या क्षणी मी मिठी मारली असती.

साहेबांनी तिला पुढे बोलावलं. "मग जागा तुमच्या नावावर. नाव सांगा."

"जनाबाई," ती म्हणाली.

पुन्हा हशा. साहेब म्हणाले, "अहो, ती वारली. तुमचं."

हशा थांबला. रोज "ताजी मांदेली" म्हणून अख्ख्या बाजारावर ओरडणारी बाई, तिला स्वतःची चार अक्षरं जड झाली होती. मी मागून सांगू शकले असते. ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं.

"कलावती," ती म्हणाली.

"मोठ्याने सांगा, वाऱ्याने ऐकू येत नाही."

"कलावती!"

मग तिच्या शेजारी बसून आयुष्यभर मासे कापणाऱ्या मधुने इकडेतिकडे बघत विचारलं, "कोन गो कलावती?"

"मी," ती म्हणाली.