बिनदारूचं पेट्रोल

आईची मोपेड पहिल्यांदा बंद पडली ती किन्हवलीच्या पुढं, भर उन्हात. तिनं ती ढकलत झाडाखाली आणली, पदरानं तोंड पुसलं आणि मला ऑस्ट्रेलियात फोन लावला. मी तिथून काय करणार होते? पण चिडायला हक्काचं माणूस लागतं.

“ही बया आता माझं ऐकत नाय गो,” आई म्हणाली. “तिकडं तुझी मावशी वाट बघत पडलीय, नि मी इथं हिच्या तोंडाकडं बघत बसलेय.”

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. मुरबाडच्या बाजूला, सरळगावच्या अलीकडं राहते. तिला अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगा-सून चांगली आहेत, पण दोघंही कारखान्यात कामाला, सकाळी गेली की दिवेलागणीला येतात. सून भरवायला बसली की मावशी दोन घास घेते आणि तोंड फिरवते. केसांना तर कुणाला हातच लावू देत नाही. फक्त आईला. म्हणून आई आमच्या शेणव्याहून एक दिवसाआड मोपेडवर जायची, तिला आंघोळ घालायची, मऊ भात भरवायची, तेल लावून केस विंचरायची आणि परत यायची. एसटीनं जायचं तर आधी उलटं शहापूरला जा, गाडी बदला, तिष्ठत बसा. मोपेड बंद म्हणजे मावशी उपाशी, इतकं ते सरळ होतं.

आणि ती मोपेडही साधीसुधी नव्हे. वडील दारूनं गेले, त्यानंतर आईनं भेंडीच्या पैशांतून ती घेतलेली. चाळिशी उलटलेली बाई साडी खोचून शाळेच्या मैदानात गोल गोल फिरतेय, हे बघायला अख्खं गाव जमायचं. पडली, हसं झालं, पुन्हा बसली, आणि एक दिवस सगळ्यांच्या नाकावर टिच्चून बाजाराला गेली. गिअरची गाडी तिला जमत नाही, जड गाडी पेलवत नाही. तिला हीच एक येते.

मग मी उंटावरून शेळ्या हाकायला लागले. प्लग बदल, पाइप बघ, टाकी साफ करून घे. आई सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “झालं? आता ठेवते, गाडी ढकलायचीय.” दुरुस्त केली की गाडी चार दिवस चालायची आणि पुन्हा रुसायची. एकदा माझं डोकंच फिरलं. मी तिथून पैसे भरून आईच्या दारात विजेवरची स्कूटर पाठवून दिली. हलकी, पांढरीशुभ्र, पेट्रोलची कटकटच नको. आई तिच्यावरून एकदा मावशीकडं जाऊन आली आणि स्कूटर पडवीत लावून मोकळी झाली. पुढच्या व्हिडिओ कॉलवर बघते तर सीटवर लसणाच्या जुड्या वाळत घातलेल्या.

“आई! काय वाईट आहे गं तिच्यात?”

“वाईट काय नाय. मुकी हाय.”

“मग गाडीनं काय ओव्या म्हणायच्या?”

“तुला नाय कळायचं,” म्हणाली आणि फोन ठेवला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. आमच्या घरातल्या बायकाच अशा, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

मोपेडचं खरं दुखणं मला उमगलं ते माझ्या तिथल्या गाडीवरून. मी राहते तो मुलूख उसाचा, आणि तिथं पंपावर दोन्ही पेट्रोलं मिळतात, इथेनॉल घातलेलं आणि न घातलेलं. नवी होते तेव्हा स्वस्त दिसलं म्हणून घातलेलं भरत राहिले. माझी गाडी जुनाट, ती दम्याच्या माणसासारखी खोकायला लागली. एकदा पंपावर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईनं माझ्या हातातली नळी काढून घेतली आणि दुसरी दिली. “हिला हे नको, ते पाज,” एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून गाडी सुतासारखी सरळ. त्या बाईचे आभारसुद्धा मानायचे राहून गेले होते. मनात आलं, आपल्या आईच्या हातातली नळी कोण बदलणार?

सुटी मिळाली तशी मी घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी मोपेड आणि आई, दोघींना घेऊन शहापूरच्या मेकॅनिककडं गेले. त्यानं कार्बोरेटर खोलला, फुगलेलं रबर माझ्या तळहातावर ठेवलं.

“ताई, ह्या जुन्या गाड्यांना आताचं पेट्रोल पचत नाय. त्यात इथेनॉल असतं ना, ते रबर फुगवतं, हवेतलं पाणी ओढतं. मी तरी किती वेळा खोलू?”

“पण ते इथेनॉल म्हंजे काय रे?” आईनं विचारलं.

मी सांगितलं. उसाच्या मळीपासून करतात, तांदळापासून, मक्यापासून करतात. स्पिरिटच ते.

“म्हंजे दारू?”

मेकॅनिक हसला. “तसंच म्हणा काकी.”

कपाळ माझं! आता माझी आई कोण? वडील गेल्यावर गावातल्या बायका गोळा करून हातभट्ट्या फोडत हिंडलेली. मोहाची दारू गाळायची मडकी तिनं काठीनं फोडलीत. लग्नाच्या मांडवामागं कुणी पीत बसलं तर अक्षता टाकून न जेवता घरी येणारी बाई. ती मोपेडकडं असं बघायला लागली, जणू पोटची पोरगी गुत्त्यावर सापडली.

“नि मी हिला रोज माझ्या हातानं पाजतेय?”

तिला पटेना म्हणून मेकॅनिकनं बाटलीत थोडं पाणी घेतलं, पाण्याच्या रेषेवर पेनानं खूण केली, वर पेट्रोल ओतलं, बूच लावून हलवलं आणि बाटली उभी ठेवली. थोड्या वेळानं खालचं पाणी खुणेच्या चांगलं वर चढलेलं. पेट्रोलमधली दारू पाण्यात उतरली होती. आईनं बाटली उजेडात धरून बघितली.

“मग घरी असं धुऊनच घालते की!”

“काकी, घरात पेट्रोल धुवायला बसाल तर चूल पेटवायची गरज राहायची नाय. घरच पेटंल.”

झालं, आमची शोधाशोध सुरू झाली. शहापूर झालं, आसनगाव झालं, हायवेवरचे पंप झाले, मुरबाड झालं. सगळीकडं एकच उत्तर, एकच पेट्रोल. एकानं तर विचारलं, “मॅडम, गाडीचा काय उपास हाय का?” मला असा राग आला! आई मात्र खो खो हसली. मुरबाडच्या रस्त्यावर एका पंपावरच्या मुलीनं मात्र आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं. ती म्हणाली, “काकी, महागड्या गाड्यांसाठी एक भारीतलं, जादा ऑक्टेनचं पेट्रोल येतं, त्यात हे मिसळत नाय म्हणतात. आमच्याकडं नाय येत. मोठ्या शहरात बघा.” पोरीचं कल्याण होवो. आमच्यासाठी तेवढाच एक धागा होता.

माझी सुटी सरत चालली होती. मेकॅनिकनं नवं रबर घालूनही मोपेड दोनदा वाटेत बसली. त्या आठवड्यात मावशीकडं आई एकदाच जाऊ शकली, तीही कुणाच्या तरी मागं बसून; पडवीतल्या स्कूटरचं मला नावही काढू देईना. परत आली तेव्हा चहासुद्धा घेतला नाही. “हाडं लागतात गो हाताला,” एवढंच बोलली. मी तिकडं वृद्धाश्रमात काम करते. परक्या आज्यांना भरवते, त्यांचे केस विंचरते, आणि माझ्या मावशीसाठी चार थेंब पेट्रोल मला मिळेना.

पण आमच्याकडं बाजारात एक गोष्ट बोललं की ती आपल्या पायांनी फिरते. ‘काकीच्या गाडीला बिनदारूचं पेट्रोल पायजे’ हे शेणव्यापासून शहापूरपर्यंत पोचलं होतं. पोरं आम्हाला बघून हसायची, हसू देत. गावातला एक जण भेंडीचा टेम्पो घेऊन वाशीच्या मार्केटला जातो. त्याचा सकाळी फोन आला.

“काकी, गावलं! ठाण्याच्या पुढं एका पंपावर हाय. पण डब्यात देत नाय म्हणतो.”

“मग रे?”

“मग काय? गाडीच घेऊन जातो.”

संध्याकाळी भेंडीच्या क्रेटांच्या मधोमध आमची मोपेड उभी केली, दोरीनं बांधली, वरून गोणपाट टाकलं. मी भाड्याचं बोलायला गेले तर त्यानं मला उडवूनच लावलं. “ताई, काकीनं आमच्या बापाची भट्टी फोडली होती. बाप लई शिव्या घालायचा. पण त्यानंतर तो माणसात आला. आता तिच्याकडनं भाडं घेऊ?” आणि मग आईकडं बघून, “काकी, बघा दिवस कसे येतात. बापानं दारू गाळली, नि मी बिनदारूचं शोधत फिरतोय.” आईनं त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला.

सकाळी मोपेड रिकाम्या क्रेटांबरोबर टाकी भरून परत आली. आईनं दोनदा पायडल मारलं आणि ती अशी सुरू झाली की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. पण दोघींचं वजन तिच्यावर घालायला आई तयार नव्हती. टेम्पोवाल्याला त्या दिवशी सरळगावला खताच्या गोणी आणायच्या होत्या, म्हणून मी त्याच्याबरोबर पुढं गेले.

मावशी खाटेवर उशीला टेकून बसलेली. डोक्यावर केसांचा घट्ट बुचडा, आईनं गेल्या खेपेला बांधलेला, तसाच. मी म्हटलं, आई येईपर्यंत आपण भरवावं, आपलं तर रोजचंच काम. भात कालवला, लाडीगोडी लावली, तिकडं शिकलेल्या सगळ्या युक्त्या केल्या. मावशीनं एक घास घेतला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. मी ताट बाजूला ठेवलं आणि रस्त्याकडं कान लावून बसले. पोहोचेल ना? पुन्हा त्या झाडाखाली बसली नसेल ना? मी फोन हातात घेतला, पण गाडी चालवताना ती उचलणार थोडीच?

तेवढ्यात मावशी हलली. मला वाटलं, तिला पाणी हवंय. पण तिचा डावा हात हळूहळू वर गेला, डोक्यामागं चाचपडला आणि बुचड्याची एक एक पिन ओढून काढायला लागला. मला काही उमजेना. मग, बऱ्याच वेळानं, माझ्या कानांवर तो आवाज आला. वळणापलीकडून, फट्-फट्-फट्-फट्.

आई आत आली तेव्हा मावशीचे पांढरे केस खांद्यांवर मोकळे झाले होते आणि ती दाराकडं बघत होती.

“आली गो, आली,” आई म्हणाली. “बघ, केस सोडून बसली पण!” मग पाय धुता धुता, माझ्याकडं न बघता, “त्या मुक्या गाडीवरनं आले होते ना, हिला कळलंच नाय मी येतेय ते. एकदम दारात बघून दचकली, नि रडत राहिली, घास पण घेतला नाय. परत नाय नेली.”

मी उठले, कोनाड्यातली फणी घेतली आणि आईच्या हातात दिली.