वजनाचा खेळ

फुटलेल्या डाळिंबाचा तुरट वास आला की मला बावड्याच्या आमच्या शेडमधली ती शाळा आठवते. लॉकडाऊनमध्ये खरी शाळा बंद होती, रानात फोनला रेंज नव्हती, आणि सातवीचं पुस्तक उघडलं की मला झोप यायची. एक दिवस आईनं ते पुस्तक मिटलं आणि माझ्या तळहातावर डाळिंब ठेवलं. "सांग बघू, किती भरंल?" मी अंदाज सांगायचा, फळ वजनकाट्यावर ठेवायचं आणि जितकं चुकलं त्याची वजाबाकी शेडच्या पत्र्यावर खडूनं मांडायची. अंदाज बरोबर आला की मी बाई आणि ती पोर. मग ती मुद्दाम चुकायची, मी तिला अंगठे धरून उभं करायचे, आणि हसून हसून आम्ही दोघी क्रेटवर बसायचो. हळूहळू वजन सांगायला मला काटा लागेनासा झाला. शाळा उघडली त्या सकाळी मी दप्तर घेऊन निघाले, तर माझे आजोबा शेडच्या दारात उभे होते. "पोरीचा हात बसलाय, एका नजरंत माल निवडती. एवढा फळांचा तोडा हू दे, मग जाईल शाळंला." आई म्हणाली, "आबा, खेळ हुता त्यो." आबांनी "व्हय, व्हय" म्हणत क्रेट माझ्या पुढ्यात सरकवला. त्यानंतर कितीतरी तोडे झाले. आजही मी त्याच शेडमध्ये माल निवडते. आई शेजारी बसून एकेक फळ फडक्यानं पुसते आणि माझ्या हातात देते. किती भरेल, हे मात्र ती आता विचारत नाही.